शेलची किमान आवृत्ती : पॅकेज लिहिणाऱ्यांसाठी सावधगिरीचे बोल

जेंटू या लिनक्स वितरणात सॉफ्टवेअर मूळ कोडपासून कसे बांधावे याच्या सूचना 'ईबिल्ड' नावाच्या फाइलमध्ये असतात आणि ही फाइल म्हणजे बॅश या शेलने, अर्थात आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्रामने, चालवायची स्क्रिप्टच असते. म्हणूनच ईबिल्ड लिहिताना बॅशच्या कोणत्या आवृत्तीपर्यंतच्या सोयी वापराव्यात, हा प्रश्न लेखनशैलीपुरता राहत नाही. वापरणाऱ्याच्या संगणकावरील बॅश जुना असेल, तर ईबिल्डचा अर्थच त्याला लागत नाही आणि पॅकेज बांधण्याचे काम तेथेच थांबते.

या प्रश्नाचे उत्तर जेंटूने 'ईएपीआय' या क्रमांकात बांधले आहे. ईबिल्ड आणि पॅकेज व्यवस्थापक यांच्यात कोणते नियम लागू आहेत, हे तो क्रमांक सांगतो. ईएपीआय 0 ते 5 साठी बॅश 3.2, 6 आणि 7 साठी 4.2, तर 8 साठी 5.0 ही आवृत्ती ठरलेली आहे. हा क्रमांक फाइलच्या आरंभी, रिकाम्या आणि टिपांच्या ओळी वगळता पहिल्याच ओळीत, ठरावीक साच्यात लिहावा लागतो. कारण फाइल बॅशकडून चालवून घेण्याआधीच, नुसती ती ओळ वाचून, आपल्याला ही फाइल हाताळता येईल की नाही हे व्यवस्थापकाला ठरवता आले पाहिजे.

नियम इतका स्पष्ट असूनही चूक होते, कारण ती लिहिणाऱ्याच्या संगणकावर दिसत नाही. ज्याच्याकडे बॅश 5.2 आहे, त्याने ईएपीआय 7 च्या ईबिल्डमध्ये चलाची किंमत अवतरणचिन्हांसह देणारी '@क्यू' ही 4.4 मध्ये आलेली सोय वापरली, तरी काम बिनबोभाट पार पडते आणि नियमभंग झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. व्यवस्थापक 'बॅश_कॉम्पॅट' हे चल 4.2 वर ठेवतो, हे खरे. परंतु या चलामुळे पुढील आवृत्त्यांत बदललेल्या काही वर्तनांपुरता जुना व्यवहार परत येतो, नव्या सोयी बंद होत नाहीत. त्यामुळे सुसंगतता-पातळी म्हणजे जुना बॅशच, असे समजून केलेली चाचणी फसवी ठरते.

दुसरा मोह ईबिल्डमध्येच नव्या बॅशवरील अवलंबन नोंदवण्याचा असतो. पण ते अवलंबन कळण्यासाठी ईबिल्ड आधी बॅशनेच वाचावे लागते. जेंटूच्या मुख्य भांडारासोबत ईबिल्डमधील अशी माहिती आधीच काढून ठेवलेला मेटाडेटा येत असल्याने ही अडचण झाकली जाते, आणि असा मेटाडेटा नसलेल्या खाजगी भांडारात ती उघडी पडते.

म्हणून पुढील शिस्त पाळणे हिताचे ठरते. नवी सोय खरोखर हवी असेल, तर ईएपीआयचा क्रमांक वाढवावा आणि नसेल, तर जुन्या रीतीनेच लिहावे. अनेक ईबिल्ड ज्यातून सामाईक कोड घेतात त्या 'ईक्लास' फाइलने आपण स्वीकारलेल्या सर्वांत जुन्या ईएपीआयची मर्यादा पाळावी. खुद्द बॅश आणि त्याला लागणारी पॅकेजे यांचे ईबिल्ड तर शक्य तितक्या जुन्या क्रमांकावर ठेवावेत, कारण नवा बॅश बसवण्याचे काम जुन्या बॅशलाच करावे लागते. उलट दिशेची काळजीही घ्यावी : 5.2 पासून मजकूर बदलताना पर्यायी भागातील '&' या चिन्हाचा अर्थ 'जुळलेला मजकूर' असा होऊ लागला, तेव्हा तो भाग अवतरणचिन्हांत ठेवणेच सुरक्षित.

ईएपीआयचा हा करार ईबिल्डपुरताच आहे, हेही विसरू नये. मूळ सॉफ्टवेअरची 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट साधारणपणे 'एसएच' या शेलवर चालते आणि त्या जागी डॅश हा वेगळा शेल असेल, तर तुलनेसाठी लिहिलेले दुहेरी बरोबरचिन्ह तेथे चूक ठरते. ते एकेरी करून तशी दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी.

आपल्या संगणकावर पॅकेज बांधले गेले, एवढा पुरावा पुरेसा नसतो. ईएपीआयने सांगितलेली नेमकी बॅश आवृत्ती वेगळी बसवून तिच्यावर ईबिल्ड चालवून पाहावे आणि मगच ते इतरांच्या हाती द्यावे.