नोड कोणत्या झाडाखाली?

बाबू, मोहगावच्या संत्रा बगीच्यात ओलावा मोजणारे नोड बसवतो आहेस, फार बरं वाटलं. आंबिया बहाराचा ताण तोडताना माती कुठं किती कोरडी आहे हे कळलं पाहिजे. पण आकडा कोणत्या झाडाचा हेच ठाऊक नसेल, तर पाणी सोडशील कुठं? म्हणून आधी जागेचं बघ.

मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नकोस. मोकळ्या आभाळाखालीही तो ५ मीटरच्या आसपास चुकतो, पानांखाली जास्तच. झाडं ६ मीटरवर असली की ही चूक थेट शेजारच्या झाडावर जाते. बसवतानाच ओळ आणि झाडाचा क्रमांक लिहून ठेव. याहून स्वस्त आणि पक्की पद्धत मला माहीत नाही. वखरणीत नोड हलला किंवा कुणी उचलून दुसरीकडे ठेवला, की मग सिग्नलवरून जागा काढायचं गणित कामी येतं.

त्यासाठी जागा पक्की माहीत असलेले अँकर लागतात. तीन पुरतात, पण तिन्ही एकाच धुऱ्यावर रोवू नकोस. नोड धुऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, हे मग कळत नाही. वावराच्या चार कोपऱ्यांत चार खांब कर, चौथा पडताळ्याला. खांबांमधली अंतरं टेपनं दोनदा मोज. जमीन मोजणाऱ्या विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ आधी एक आधाररेषा जिवापाड जपून मोजली आणि मग त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे आला. १८२३ मध्ये आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, त्यानं देह ठेवला. ती पहिली रेषा चुकली असती तर पुढचं सगळंच चुकलं असतं. तुझे खांब तसेच.

आता सिग्नलच्या जोरावरून अंतर काढणं. इथंच पोरं फसतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलनं उतरतो. पावसानं भिजलेल्या पानांनी तेवढाच सिग्नल खाल्ला, तर २० मीटरवरचा नोड गणिताला ४० मीटरवर दिसतो. म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नकोस. आपल्याच ओळींत १०, २०, ४० मीटरवर नोड ठेव, अँटेना नेहमीच्याच उंचीवर. कोरड्यात एकदा आणि पाऊस पडून गेल्यावर एकदा मोज. प्रत्येक ठिकाणी बरीच वाचनं घे आणि मधलं धर.

लहरीला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढायच्या भानगडीत साध्या नोडनं पडू नकोस. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. स्वस्त घड्याळाचा तिथं टिकाव लागत नाही. किती टप्प्यांनी निरोप पोचला ते मोजून अंतर काढायची पद्धतही आहे. नोड एकसारखे पसरलेले असतील तर ती चालते. मध्ये विहीर किंवा नाला आला की निरोप वळसा घेतो आणि अंतर फुगतं.

सगळं जमलं की एक नोड माहीत असलेल्या झाडाखाली ठेव आणि नकाशा काय म्हणतो ते बघ. चूक ३ मीटरच्या वर गेली, तर पडद्यावर झाडाचा क्रमांक दाखवू नकोस, नुसता पट्टा दाखव.