दर आठ तासांनीच का?

समजा, यवतच्या एखाद्या दवाखान्यात घशाच्या जंतुसंसर्गावर डॉक्टरांनी तुम्हाला ॲमॉक्सिसिलिन दिले आणि ‘दर आठ तासांनी एक गोळी’ असे बजावले. हे आठ तास आले कोठून?

ॲमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातले. फ्लेमिंग यांना १९२८ साली बुरशीत पेनिसिलिन सापडले. त्याच्या उत्पादनासाठी १९५४ साली आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. हे औषध जिवाणूंना पेशीभित्तिका बांधू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नसते, म्हणून त्या बचावतात.

पण मूत्रपिंडे हे औषध भराभर बाहेर टाकतात. रक्तात पुरते चढल्यावर त्याचे प्रमाण दर तासाला सुमारे निम्मे होते. आठ वेळा निम्मे करा. उरतो फक्त १/२५६ भाग! म्हणून पुढची गोळी वेळेवर हवी. विसरलात, तर आठवताच घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा फ्लेमिंग यांनीच १९४५ साली नोबेल व्याख्यानात दिला होता. तेव्हा डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवू नका, भावंडांना देऊ नका. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर हे औषध चालत नाही.

पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. गोळीनंतर ओठ सुजले किंवा धाप लागली, तर तत्काळ दवाखाना गाठा.

आता एक गणित: गोळी चुकून सोळा तास गेले, तर कितवा भाग उरेल?