लशीला दिवस का लागतात?

गेल्या पावसाळ्यात कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे एका विद्यालयात व्याख्यानासाठी गेलो होतो. विषय माझा नेहमीचाच, म्हणजे पदार्थविज्ञानाचा होता. व्याख्यान संपल्यावर बारावीतील एक मुलगी वही घेऊन पुढे आली. ती वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती. वहीत प्रतिकारशक्तीच्या धड्याचा भला मोठा तक्ता होता. पेशींची नावे, प्रतिपिंडांचे म्हणजे अँटिबॉडींचे पाच प्रकार, सारे तांबड्या-निळ्या शाईत नीट मांडलेले.

"सर, नावं पाठ आहेत. पण हा आलेख कळत नाही," ती म्हणाली. आलेखात दोन टेकड्या होत्या. एखादा रोगजंतू शरीरात प्रथम शिरला की प्रतिपिंड हळूहळू आणि थोडे तयार होतात. ती पहिली, ठेंगणी टेकडी. तोच जंतू पुन्हा आला की ते लवकर आणि भरपूर होतात. ती दुसरी, उंच टेकडी. "पहिल्या वेळी इतके दिवस का लागतात? आणि ज्याला तेवढे दिवसच मिळत नाहीत, त्यानं काय करायचं? आमचं वासरू चार दिवसांतच हगवणीनं गेलं."

जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे, हे मी तिला आधीच सांगून टाकले. पण समोर आलेख आला की आम्हा मंडळींना गप्प बसवत नाही. शिवाय 'पाठ आहे पण कळत नाही' असे स्वतःहून सांगणारा विद्यार्थी रोज भेटत नाही.

जाता जाता तक्त्यातील नावांविषयी एक गंमत सांगतो. या गावाच्या नावात रंगारी आहे, आणि पांढऱ्या पेशींची निम्मी नावेही रंगाऱ्याच्या कामातूनच आली आहेत. पाउल अर्लिख या जर्मन संशोधकाने कापड रंगवण्याचे कृत्रिम रंग रक्ताच्या पेशींवर वापरून पाहिले. इओसिन या गुलाबी रंगाची आवड असलेली पेशी ती इओसिनोफिल, अल्कधर्मी रंग ओढून घेणारी ती बेसोफिल, आणि दोन्हींत मध्यम राहणारी ती न्यूट्रोफिल. एवढे कळले की ही तीन नावे घोकावी लागत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यासाठी १८९६ सालच्या मुंबईत जावे लागेल. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले आणि शहरात हाहाकार उडाला. माणसे घरे सोडून गावोगाव पळू लागली. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हे जीवाणुशास्त्रज्ञ मुंबईत दाखल झाले. त्यांचा जन्म ओडेसाचा. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, म्हणजे जंतूंना चिकटायला आधार मिळे आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तशी त्यांची वाढ खाली लोंबू लागे. मग हे जंतू उष्णतेने मारले, की ती झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखले, पण ते सुखरूप राहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांना लस टोचली; बाकीचे तसेच राहिले. अन्न तेच, कोठड्या त्याच. त्यामुळे तुलना आपोआपच चोख झाली. टोचून घेतलेल्यांत प्लेगचे रोगी पुष्कळ कमी निघाले. मात्र काहींना टोचण्याआधीच लागण झालेली होती आणि त्यांना लशीचा उपयोग झाला नाही. या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबा. लस औषधासारखी लगेच का लागू पडली नाही? तिला दिवस का हवे होते?

शंभर वर्षांपूर्वी अनेकांना वाटे की शरीर शत्रू पाहून त्याच्या मापाचे शस्त्र घडवते, जसा शिंपी गिऱ्हाईक आल्यावर माप घेऊन सदरा शिवतो. प्रत्यक्षात शरीराचे काम तयार कपड्यांच्या दुकानासारखे आहे. १९५७ साली ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी ही कल्पना नीट मांडली. लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी प्रत्येक बी पेशी जन्मतःच एकाच मापाचे प्रतिपिंड बाळगून असते. जंतू शिरल्यावर त्याला जिचे माप बसते, ती पेशी निवडली जाते आणि तिचीच संतती वाढते.

पण एवढी मापे आणायची कोठून? माणसाची जनुके साधारण वीस हजार आणि जंतू तर असंख्य. इथे गणित कामाला येते. प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा असतो. त्यात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीचे टोक तीन तुकडे जोडून बनते. पहिल्या तुकड्याचे सुमारे ४० नमुने, दुसऱ्याचे २३, तिसऱ्याचे ६. गुणाकार करा: ५,५२०. हलक्या साखळीच्या अशाच जोडण्या सुमारे ३२० होतात. दोन्हींचा गुणाकार १७ लाखांच्या वर जातो. शिवाय जोडताना सांध्यावर थोडी काटछाट आणि भर होते, त्यामुळे संख्या कोटींच्या पुढे पोचते. जनुकांचे तुकडे असे पुन्हा जुळवले जातात, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मापे कोट्यवधी, म्हणून एकेका मापाच्या पेशी अगदी थोड्या. दिवस लागण्याचे कारण हेच! समजा, योग्य मापाची एकच पेशी आहे आणि ती दर बारा तासांनी दुप्पट होते. लढाईला दहा लाख पेशी हव्यात. दहा वेळा दुप्पट झाल्यावर १,०२४. वीस वेळा झाल्यावर साडेदहा लाखांच्या जवळपास. म्हणजे दहा दिवस झाले. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण समजा हजारभर स्मृतिपेशी मागे उरल्या. पुढच्या खेपेस सुरुवातच हजारापासून! आता फक्त दहा दुपटी, म्हणजे पाचच दिवस पुरे. खऱ्या शरीरात आकडे याहून वेगळे असतात, पेशी अधिक वेगानेही वाढतात. पण दोन टेकड्यांतील अंतर नेमके याच हिशेबातून येते. दुसरी टेकडी उंच असते, कारण स्मृतिपेशी संख्येने जास्त असतात, शिवाय त्यांचे प्रतिपिंड जंतूला अधिक घट्ट धरतात. पहिल्या भेटीत मुख्यतः आयजीएम, दुसऱ्या भेटीत आयजीजी, हेही लक्षात ठेवा, परीक्षेत विचारतात.

लस म्हणजे मेलेल्या किंवा दुबळ्या केलेल्या जंतूशी घडवून आणलेली पहिली भेट. मात्र स्मृती राहते ती त्याच जंतूची. याचा दुःखद पडताळा १९०२ साली आला. पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले होते. प्लेगसाठी जागवलेल्या पेशींना धनुर्वाताची ओळखच नव्हती. हाफकिन यांना निलंबित केले गेले आणि दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. त्यांची प्रयोगशाळा १८९९ पासून परळला आहे. १९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले.

आता वासराचे पाहू. त्याला दहा दिवस थांबायला सवडच नसते. ज्याला स्वतःचे प्रतिपिंड बनवायला वेळ नाही, त्याला ते दुसऱ्याकडून उसने द्यावे लागतात. साप चावल्यावर देतात त्या लशीत घोड्याच्या रक्तात तयार झालेले प्रतिपिंडच असतात. माणसाच्या बाळाला आईचे आयजीजी वारेतून जन्माआधीच मिळतात. तुमच्या पुस्तकात हे आहे, पण पुस्तक माणसाचे आहे. गाईच्या वारेतून ते पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मते ते जवळजवळ रिकाम्या हाताने. त्याची सारी उसनवारी चिकात असते, आणि चिकातील प्रतिपिंड त्याच्या आतड्यातून रक्तात जाण्याची वाट साधारण एका दिवसात बंद होते.

मी मुलीला विचारले, "चीक कधी पाजला होता?"

ती जरा वेळ गप्प राहिली. "गाय रात्री व्यायली. सकाळी सगळा काढून घेतला. खरवस केला, शेजारी पण वाटला. वासराला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं."

घरी अजून एक गाय गाभण होती. दिवाळीच्या सुमारास विणार, असे ती म्हणाली. मग वहीतील तक्त्याखाली तिने निळ्या शाईत लिहून घेतले: पहिल्या दोन तासांत चीक, पोटभर.