उंचसखल भूमीवरील नेम
कोन जाणणारा अंतरमापक कसा निवडावा?

विद्यार्थी मित्रहो, ‘नेम’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक नियम आणि दुसरा लक्ष्यवेध. बाण नेमका जावा असे वाटत असेल, तर त्याच्या मार्गाचा नियमही ठाऊक असावा लागतो. तुम्ही वर्गात शिकता तो काटकोन त्रिकोण या कामी कसा उपयोगी पडतो, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. तेव्हा हा लेख म्हणजे शिकारीचे आमंत्रण नव्हे. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन, ठरावीक ऋतूत, धनुष्यबाणाने हरिणाची शिकार करण्याची प्रथा आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा इशी नावाचा पुरुष एकाकी अवस्थेत सापडला. त्याच्यापासून डॉ. सॅक्स्टन पोप यांनी धनुर्विद्या शिकून घेतली आणि तिचा पुढे तेथे प्रसार झाला. १९६९ साली मिसूरीच्या हॉलेस ॲलन यांना कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले, आणि बाणाचा वेग पुष्कळ वाढला. पण वेग वाढला म्हणून गुरुत्वाकर्षण काही थांबत नाही.

सेकंदास ८० मीटर वेगाने सुटलेला बाण ४० मीटर जाण्यास अर्धा सेकंद घेतो. तेवढ्या वेळात तो सुमारे १.२ मीटर खाली येतो. म्हणून धनुर्धराला बाण थोडा वर रोखून सोडावा लागतो. किती वर, हे ठरविण्यासाठी धनुष्यावरील नेमदर्शकात २०, ३०, ४० अशा अंतरांच्या निरनिराळ्या पिना बसविलेल्या असतात. अंतर चुकले की पिन चुकते, आणि पिन चुकली की बाण चुकतो.

सपाट मैदानावर हा हिशोब सोपा आहे. २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुष्यप्रकारात जगज्जेतेपद मिळविले. त्या स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असते, आणि ते अंतर आधीच सर्वांना ठाऊक असते. अरण्यात तसे नाही. तेथे अंतर अज्ञात असते आणि भूमीही उंचसखल असते.

आता आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. बारा मीटर उंचीच्या माडावर पाडेली चढला आहे आणि तुम्ही बुंध्यापासून नऊ मीटरवर उभे आहात. त्याच्या हातून तुमच्या पायापर्यंत दोरी ताणली, तर ती पंधरा मीटर भरेल. ती दोरी म्हणजे कर्ण. जमिनीवरचे नऊ मीटर म्हणजे पाया. कर्ण हा पायापेक्षा नेहमीच मोठा असतो. साधा अंतरमापक कर्ण मोजतो. धनुर्धराला मात्र पाया हवा असतो.

असे का? गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढते. नेमाची रेषा आडवी असेल, तर बाणाचे सारे पतन त्या रेषेपासून त्याला दूर नेते. रेषा तिरपी झाली की पतनाचा काही भाग रेषेच्याच दिशेने खर्च होतो, आणि रेषेपासून बाण कमी ढळतो. विहिरीत सरळ खाली सोडलेला दगड आपल्या रेषेपासून मुळीच ढळत नाही. हे त्याचे टोक होय. म्हणून तिरक्या नेमात पिन कर्णाची नव्हे, तर पायाच्या लांबीची घ्यावी. नेम चढावर असो वा उतारावर, कर्णाची पिन घेतल्यास बाण दोन्ही वेळा वरूनच जातो. पुष्कळांना वाटते की चढावर बाण कमी पडेल. ते खरे नाही.

पाया काढण्यासाठी कर्णाला कोनाच्या कोसाइनने गुणावे. कर्ण ४० मीटर धरला, तर १० अंशांच्या कोनाला पाया ३९.४ मीटर, २० अंशांना ३७.६, ३० अंशांना ३४.६ आणि ४० अंशांना ३०.६ मीटर येतो. वरच्या वेगाने जाणारा बाण ३० अंशांच्या उतारावर चाळिसाच्या पिनेने सोडला, तर तो सुमारे १६ सेंटिमीटर वर लागेल. हरिणाच्या छातीतील हृदय आणि फुप्फुसे यांचा भाग जेमतेम वीतभर असतो. मध्यावर नेम धरणाऱ्याची ही चूक त्या भागाबाहेर जाते. जनावर तत्काळ मरत नाही, जखमी होऊन पळते आणि झाडीत तडफडत राहते. चूक गणिताची असते. वेदना मुक्या प्राण्याच्या वाट्यास येते.

कोन जाणणारा अंतरमापक दोन कामे करतो. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसर किरणांचे स्पंद लक्ष्यावर सोडतो आणि ते परत येण्यास लागलेला काळ मोजतो. ३० मीटर जाऊन परत येण्यास प्रकाशाला सेकंदाचा पन्नास लाखावा भाग पुरतो. त्याच वेळी आतील सूक्ष्म संवेदक, गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे, गुरुत्वाची दिशा ओळखून यंत्र किती कलले आहे ते सांगतो. मग कर्णावरून पाया काढून तो आकडा दाखविला जातो. ल्युपोल्ड, बुशनेल, निकॉन हे निर्माते या सोयीला निरनिराळी नावे देतात. मूळ कल्पना एकच.

निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, जवळचे अंतर. हजार मीटरपर्यंत मोजणारे यंत्र हे रायफलधाऱ्याच्या उपयोगाचे. धनुर्धराचे काम बहुधा ४० मीटरच्या आत असते. म्हणून यंत्र किती जवळचे मोजू शकते हे आधी विचारावे. जाहिरातीतील मोठा आकडा चकाकत्या फलकासाठी असतो. हरिणाच्या अंगावरून प्रकाश तितका परत येत नाही.

दुसरी गोष्ट, धनुष्यासाठी स्वतंत्र योजना. बंदुकीच्या गोळीचा हिशोब बाणाला लागू पडत नाही. कर्ण आणि पाया हे दोन्ही आकडे दिसत असतील तर उत्तम.

तिसरी गोष्ट, मंद प्रकाशातील वाचन. हरणे बाहेर पडतात ती पहाटे आणि संध्याकाळी. काळे आकडे अंधूक झाडीत हरवतात. प्रकाशित आकडे दिसतात, मात्र त्यांची प्रखरता कमी करता आली पाहिजे.

चौथी गोष्ट, एकके. अमेरिकेत यार्डांचा प्रघात आहे. ४० यार्ड म्हणजे ३६.६ मीटर. पिना यार्डांच्या आणि यंत्र मीटरचे, असे झाल्यास सर्व सूक्ष्मता व्यर्थ.

पाचवी गोष्ट, यंत्र एका हाताने व आवाज न होता चालावे आणि समोरच्या गवताऐवजी मागचे लक्ष्य मोजण्याची त्यात सोय असावी. काही राज्यांत धनुष्यावर बसविलेल्या विद्युत्-उपकरणांस मनाई आहे; म्हणून हाती धरण्याचे यंत्रच बरे, आणि तरीही तेथील नियम वाचूनच घ्यावे.

पण या यंत्राची सर्वांनाच गरज आहे काय? सहा मीटर उंच मचाणावर बसलेल्याला १८ मीटरवरच्या हरिणाचा कर्ण १९ मीटर भरतो. फरक एका मीटरचा. तेवढ्याने फारसे बिघडत नाही. शिवाय साध्या यंत्रानेही युक्ती करता येते. हरिणाजवळच्या झाडाचे खोड आपल्या डोळ्यांच्या उंचीवर पाहून मोजले, की आडवे अंतर आपोआप मिळते. रॉकी पर्वताच्या तीव्र उतारांवर फिरणाऱ्याला मात्र हे यंत्र घेतल्यावाचून गत्यंतर नाही. सपाट रानात मचाणावर बसणाऱ्याने तेच पैसे सरावावर खर्चावेत. उतारावर नेम धरताना हात खाली न झुकवता कमरेतून वाकावे लागते. ते कोणतेही यंत्र शिकवीत नाही.

मित्रहो, आता एक उदाहरण तुम्हीच सोडवा. शाळेच्या गच्चीची उंची मोजा, भिंतीपासून अंगणातील एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर फितीने मोजा, कर्ण गणिताने काढा आणि मग गच्चीवरून त्या खुणेपर्यंत सुतळी ताणून पडताळा पाहा. गुरुजनांपैकी कोणी सोबत असल्याशिवाय गच्चीवर जाऊ नका. उत्तर जुळले, तर समजा की मोठमोठे निर्माते विकतात ती विद्या तुमच्या भूमितीच्या वहीत आधीच आहे. बाण सोडण्यापूर्वी ती आठवणे आणि खात्री नसेल तर बाण न सोडणे, हा खरा नेम.