फुटलं तर त्याच दिवशी सांगा

नाशकात मी घरांच्या रंगकामाचे आणि दुरुस्तीचे ठेके घेतो. पंचवटीतले जुने वाडेही केले, गंगापूर रोडचे नवे फ्लॅटही. रंग बिघडला तर दुसरा हात मारता येतो. लोकांच्या घरातलं सामान माझ्या माणसाच्या हातून मोडलं की पैसे जातात, आणि त्या सोसायटीतली पुढची चार कामंही जातात.

१. मोडतोडीला हंगाम असतो. आमच्याकडे तो दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत. सगळ्यांना दिवाळीआधी घर रंगवून हवं असतं आणि नेमकी तेव्हाच निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची गोडी छाटणी चालू असते. पेठ-सुरगाण्याची हात बसलेली माणसं बागांवर जातात. मग सकाळी नाक्यावर उभा असेल तो पोरगा गाडीवर बसवून न्यायचा, आणि संध्याकाळी झुंबराची काच गोळा करायची. म्हणून गणपती उठले की मी नवं काम धरत नाही. जितके भरवशाचे मिस्त्री, तितकीच घरं. त्यात 2027 च्या सिंहस्थाची कामं शहरभर निघाल्यामुळे ‘उद्यापासून येऊ नको’ हे वाक्य कुठल्याच ठेकेदाराला परवडत नाही. आहे त्या माणसाला शिकवणंच स्वस्त पडतं.

२. ‘नीट कर रे’ म्हणून काही होत नाही. ज्याला आपण हलगर्जीपणा म्हणतो, त्यातलं निम्मं निव्वळ माहीत नसणं असतं. टाइल्सवर सांडलेलं सिमेंट ॲसिडने निघतं हे हेल्परने पाहिलेलं असतं. तीच बाटली तो हॉलच्या संगमरवरावर ओततो. संगमरवर चुनखडीच्या जातीचा दगड, ॲसिड पडताच झिलई जाते आणि पॉलिशवाला बोलवावा लागतो. ग्रिल कापताना ग्राइंडरच्या ठिणग्या खिडकीच्या काचेवर उडतात, काचेत रुतून बसतात, आणि त्या पुसून जात नाहीत. काचच बदलावी लागते. फरशीवर रद्दी अंथरली आणि वर पाणी सांडलं की छपाईची शाई दगडात उतरते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल चालवायचं नाही, कारण कन्सील वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. हे सगळं मी कारणासकट सांगतो, शक्य असेल तर फुटक्या तुकड्यावर करून दाखवतो. संगमरवराच्या तुकड्यावर ॲसिडचा फेस पाहिलेला पोरगा पुन्हा ती बाटली आत आणत नाही. नुसतं ओरडलं तर मी जिना उतरेपर्यंत परिणाम टिकतो.

३. काम सुरू करण्याआधी घरमालकाला बरोबर घेऊन मोबाइलवर सगळ्या घराचं शूटिंग करा. बेसिनचा जुना तडा, कपाटाची उडालेली कोर, सगळं बोलून दाखवत. देवघर आणि पितळी-तांब्याची भांडी घरच्यांनीच हलवावीत. त्याला आम्ही हात लावत नाही.

४. मजुरी कापून शिस्त लागत नाही. कायदाही मोकळीक देत नाही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होतं तेच 2019 च्या वेतन संहितेत आहे: कामगाराच्या ताब्यात सोपवलेली वस्तू थेट त्याच्याच हयगयीने गेली, तरच कपात, तीही त्याचं म्हणणं ऐकून आणि नुकसानीपुरतीच. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाहीत. पण कायदा बाजूला ठेवा. दोन दिवसांची हजेरी बुडणार म्हटल्यावर माणूस फुटलेलं लपवतो. ड्रिलने पाइपाला भोक पडलं, तर वरून पुट्टी भरून रंग मारतो. मग पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल येते आणि साध्या प्लंबिंगच्या कामाची तोडफोड होऊन बसते. आमच्याकडे नियम एकच आहे. त्याच दिवशी सांगितलं तर एक पैसा कापणार नाही. लपवलं आणि नंतर कळलं तर हिशेब करून मोकळा. ‘शेठ, ते आधीच फुटलेलं होतं’ हे वाक्य तेव्हापासून कमी ऐकू येतं. अगदी बंद झालं असं नाही.

५. ग्राहकासमोर मजुराला शिव्या देऊ नका. काही ठेकेदार मुद्दाम देतात. घरातल्या बाईंना त्याची दया येते, त्या ‘जाऊ द्या हो’ म्हणतात आणि भरपाई टळते. मला हे नाटक हलकट वाटतं. ग्राहकाने पैसे मला मोजलेले असतात. जिल्हा ग्राहक आयोगात गेला तर सेवेतल्या त्रुटीबद्दल उत्तर मलाच द्यावं लागेल. भरपाई मी देतो आणि पोराशी काय ते खाली गाडीजवळ बोलतो.

६. काही जणांचा हातच जड असतो. अशाला घरात घेत नाही. कंपाउंडची भिंत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग अशी कामं देतो, तिथे तो उत्तम चालतो. दारू पिऊन आलेला किंवा परांचीवर उभा राहून फोनवर बोलणारा मात्र तिथूनच घरी. त्यात मोडतोडीपेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

आता घर रंगवायला काढणाऱ्यांना एक विनंती. सामान जागेवर लागलं, नळ-दिवे-पंखे चालवून पाहिले, मगच ठेकेदाराला शेवटचा हप्ता द्या. आणि काही मोडलेलं दिसलं तर मजुराला धारेवर धरू नका, ठेकेदाराला फोन करा.