छपरातील तंतू आणि छातीतील रोग



थंडीत घर गार पडू नये म्हणून छपरात काहीतरी उष्णतारोधक भरण्याची रीत थंड मुलुखांत जुनी आहे. पण काय भरावे यावर वेळीच कायद्याचा लगाम नसला तर काय होते, ते पाहू.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. येथे १९६८ ते १९७९ या काळात हजारावर घरांच्या माळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचा सुटा, पिंजलेल्या कापसासारखा भुसा पंपाने भरला गेला. हे थांबवावे, असे सरकारच्याच एका तज्ज्ञाने १९६८ मध्ये कळविले होते. कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९८८ ते १९९३ मध्ये सरकारी खर्चाने माळे साफ झाले, तरी भिंतींच्या पोकळीत तंतू राहिलेच! अखेर २०१४ मध्ये ही घरे विकत घेऊन पाडण्याची योजना सरकारला जाहीर करावी लागली.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे खाणीतला तंतुमय दगड. तो जळत नाही, उष्णता अडवतो, म्हणून सर्वांना आवडला. पण त्याचे बारीक तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसात गेले की तेथेच रुततात. फुफ्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी उमटतो. म्हणून ‘मला कुठे काय झालं?’ हे म्हणणे फसवे आहे.

आपल्याकडचे जुने ‘सिमेंटचे पत्रे’ याच जातीचे. जुन्या कारखान्यांत वाफेच्या पाइपांवरचे लॅगिंगही याचेच असे. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये या धंद्यातील कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षे, अथवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांत जे उशिरा येईल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियाने २००३ अखेर अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे पत्र्यांवर तशी सरसकट बंदी झालेली नाही. तोवर काळजी आपली आपणच घ्यायची.

गोठ्याचे पत्रे आम्हीही तोंडाला फडकेसुद्धा न बांधता करवतीने कापले आहेत. ती चूक आपण करू नये.

१) अखंड पत्र्याला हात लावू नका. कापणे, भोक पाडणे, शेवाळ घासणे टाळा.
२) काढावाच लागला तर पाणी मारून, न फोडता उतरवा. साध्या फडक्याने तंतू अडत नाहीत. योग्य मास्क वापरा.
३) भुगा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
४) फुटके तुकडे रस्त्यात वा गोठ्यात भर म्हणून टाकू नका.
५) अशा कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला देऊ नका.

नवे छप्पर घालताना दुकानदाराला एकच विचारा, ‘यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का?’ पत्रा स्वस्त मिळेल, छाती पुन्हा मिळत नाही.