आकाशातला नाविक

मुलांनो, भाईंदरजवळच्या उत्तनचे कोळी होड्या घेऊन दूर समुद्रात जातात. किनारा दिसेनासा झाला, की वाट कशी सापडणार? पूर्वी तारे वाट दाखवत. आता उपग्रहही दाखवतात. भारताच्या अशा उपग्रहांच्या यंत्रणेचे नाव आहे ‘नाविक’, म्हणजे मल्लाह.

त्यांपैकी ‘एनव्हीएस-०१’ हा २,२३२ किलो वजनाचा उपग्रह २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याची कक्षा सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. एका दिवसात तो पृथ्वीभोवती एक फेरी घालतो. त्यात भारतात बनवलेले अणुघड्याळ बसवले आहे. उपग्रहाचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर कळते. चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की होडीची जागा समजते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरने चुकते! पाहा, वेळ अचूक असेल तरच वाट अचूक सापडते.